बंद खोलीतली शेगडी

माझा थोरला मुलगा आठव्या महिन्यात जन्मला. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं तेव्हा बायका तोंडावर बोलत. बाळाला बघायला आलेल्या एका बाईंनी दारातूनच विचारलं, "सातवा का आठवा?" उत्तर ऐकलं आणि त्या आत न येताच परत गेल्या. त्यांच्या त्या परत जाण्याची मला जेवढी भीती वाटली, तेवढी कळांचीही वाटली नव्हती.

आम्ही तेव्हा कसबा बावड्यात राहत होतो. आमचे हे कोल्हापुरात एका कचेरीत कारकून होते, रोज सायकलवरून जायचे-यायचे. एका शेतकऱ्याच्या घराच्या कडेच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. एकीत चूल, दुसरीत निजणं. निजायच्या खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडं घरमालकांच्या म्हशींचा गोठा होता. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळं बाळंतपणाला माहेर नव्हतं. सगळं सासूबाईंनी केलं. त्यांना मी आत्या म्हणायची. उंच, काटक बाई. बोलणं तिखट, पण बाळाला अंघोळ घालताना त्यांचा हात बघत राहावा असा चालायचा. बाळ एवढंसं होतं, की त्यांच्या कोपरापासून बोटांपर्यंत सबंध मावायचं.

आषाढ लागलेला. आमच्याकडं आषाढात पाऊस एकदा बसला की सूर्य कुठल्या दिशेला उगवतो तेही विसरायला होतं. भिंतींना ओल, अंथरुणाला ओल, मिठाच्या बरणीत पाणी. त्यात हे बाळ. शहरातून टांग्यानं आणलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला दुसरं औषध नाही. ऊब पाहिजे. कापसात गुंडाळा, अंगाशी धरा, खोली गार पडू देऊ नका. पाय गार लागले तर..." आणि त्या पेटी बंद करायला लागल्या.

तेव्हापासून मी त्याचे पाय चाचपत बसायची. कधी ते कोमट लागत, कधी पावसात ठेवलेल्या भांड्यासारखे. गार लागले की मी त्याला पदराखाली घ्यायची आणि त्याच्या नाकापाशी गाल धरून श्वास लागतो का बघायची. झोप लागली तर तेवढ्यात हा जाईल, असं मनानं घेतलं होतं.

आधी आम्ही घरातली साधी लोखंडी शेगडी खोलीत ठेवली. कोळसा भराभर संपायचा आणि ऊब थांबायची नाही. खापऱ्यांच्या फटींतून वर जायची. पावसात कोळसेवाल्याची गाडी बावड्याकडं क्वचित यायची, आणि आलाच तरी कोळसा भिजका, दर मात्र सुक्याचा. आमचे हे एकदा खोलीच्या मधोमध उभे राहून वर बघत म्हणाले, "आपण कोळसा जाळतोय तो ढगांना शेकायला."

मग ते त्या कामाला लागले. त्यांना हातानं काही करायची हौस होती आणि काटकसर तर रक्तातच. तेलाचा रिकामा डबा आणून त्याला आतून चिकणमातीचा जाड लेप दिला. खाली वारा जायला एक भोक, त्यावर सरकवायची पत्र्याची झडप. झडप जवळजवळ बंद करून वर राख पसरली की निखारा न भडकता हळूहळू जळायचा. दुपारी भरलेली शेगडी दिवेलागणीपर्यंत टिकायची. मग त्यांनी खापऱ्यांखाली गोणपाटाचं छत ताणलं, खिडकीच्या फटींना खळीनं कागद चिकटवले, आणि दाराखालच्या फटीत कोंबायला गोणपाटाची लांब वळकटी केली. वाऱ्यानं दार सारखं उघडायचं म्हणून आतून लाकडी अडसर लावायचा, असं ठरलं.

"निम्म्या कोळशात दुप्पट ऊब," ते म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. मीही खुशीत होते, कारण पहिल्यांदाच बाळाचे पाय सबंध दिवस कोमट राहिले. आत्यांनी शेगडीवर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं आणि त्यावर दुपटी वाळत टाकली. धुराचा मागमूस नव्हता. धूर नाही म्हणजे काळजी नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्यानंतर माझं डोकं जड राहायला लागलं. आत्यांचंही. त्यांनी स्वतःच्या कपाळाला सुंठ उगाळून लावली, माझ्याही लावली. बाळंतिणीचं डोकं दुखायचंच, जागरणानं आत्यांचंही दुखायचंच. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. आमचे हे सकाळी शेगडी भरून देऊन कचेरीला गेले होते. जेवणं झाल्यावर आत्यांनी तिच्यात पुन्हा कोळसा घातला, अडसर लावला, वळकटी दाराखाली सारली आणि शेगडीजवळ पाटावर बसून दुपटी उलटीपालटी करायला लागल्या. बाहेर पाऊस धो धो. बाळ माझ्या शेजारी बाजेवर निजलेलं. त्याचे गाल छान लाल झाले होते. मला वाटलं, अंगात रक्त भरतंय. मी आत्यांना म्हटलंसुद्धा, "बघा की, कसा रंग आलाय."

भिंतीला डोकं टेकून आत्यांचा डोळा लागला होता. हातातलं दुपटं खाली पडलेलं.

मला तहान लागली. तांब्या बाजेखाली होता. मी उठायला गेले आणि पाय हलेनात. दुखत नव्हते, मुंग्याही नव्हत्या. माझे नसल्यासारखे नुसते पडून होते. कानात घूं असा आवाज. मी आत्यांना हाक मारली. माझी हाक मलाच लांबून आल्यासारखी वाटली. आत्यांनी मान हलवली नाही. त्यांचं तोंड उघडं होतं.

मग मी बाळाकडं वळले. गालाला बोट लावलं, हनुवटी हलवली, तळपायाला चिमटा काढला. एरवी नुसता हात लागला तरी मांजराच्या पिलासारखं कुरकुरायचं. ते हललं नाही. पाय कोमट होते, चांगले कोमट, आणि बाळ हलत नव्हतं.

काय झालंय ते मला कळलं नाही हे खरं आहे. शेगडीचं नाव डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, मरण असंच येत असेल, खोलीतल्या सगळ्यांना एकदम. त्या बाई दारातून परत गेल्या होत्या ना, त्याचंच हे. एवढंच वाटत होतं की दारापर्यंत जायचं आणि कुणाला तरी बोलवायचं.

मी बाजेवरून खाली पडले. उतरले नाही, पडलेच. कोपरांवर सरकत दारापर्यंत गेले. अडसर वर होता. हात उचलला तो निम्म्यातच खाली आला. दुसऱ्यांदाही तसंच. मग हाताला ती गोणपाटाची वळकटी लागली. मी ती ओढून काढली, आणि उंबऱ्यावरून गार, ओला वारा माझ्या तोंडावर आला. मी उंबऱ्याला तोंड लावून पडून राहिले. पावसाचे शिंतोडे ओठांवर येत होते. थोडं थोडं डोकं जागेवर आलं, आणि तेव्हा कुठं मला उमगलं की आतल्या हवेतच काहीतरी आहे.

बाळ आत होतं. बाज फार तर पाच-सहा हातांवर, पण पुन्हा आत जायचं म्हटल्यावर माझं सगळं अंग नको म्हणालं. इथून हलले तर परत इथं येणं होणार नाही, हे मला स्पष्ट कळत होतं. आयुष्यात पुष्कळ वेळा भ्यायले, पण त्या क्षणासारखी भीती पुन्हा वाट्याला आली नाही.

मी छातीभरून वारा घेतला आणि परत सरकत गेले. बाळाखालच्या गोधडीचं टोक हाताला आलं तेवढं धरलं आणि ओढलं. ते बाजेवरून माझ्या अंगावर पडलं. गोधडीसकट त्याला मागं मागं ओढत दारापाशी आणलं आणि त्याचं तोंड फटीला लावलं. त्याच्या डोक्यावरून माझी वेणी पसरली होती, ती बाजूला करायचंही भान नव्हतं. तांब्या कधी हातात घेतला आठवत नाही, पण मी तो दारावर आपटत होते. पाऊस एवढा होता की मलाच तो नीट ऐकू येत नव्हता.

ऐकला घरमालकिणीनं. ती गोठ्यात म्हशींना वैरण टाकायला आली होती. दारापाशी येऊन ती ओरडली, "वैनी! काय झालंय? दार काढा की!"

"येत नाही," मी म्हटलं. म्हटलं की नुसतं वाटलं, कोण जाणे.

तिला उंबऱ्याच्या फटीतून बाळाचं कपाळ आणि माझी बोटं दिसली. मग तिनं जो आवाज टाकला, तो निम्म्या गल्लीला ऐकू गेला असणार. "आवं, या की लौकर! पहार आणा पहार! बाळंतीण पडलीया!"

तिचा नवरा पहार घेऊन आला आणि त्यानं दाराची एक फळी उखडली. मालकिणीनं बाळाला उचललं आणि ती त्याला घेऊन तशीच ओसरीवर, उघड्यावर, वाऱ्यात बसली. एरवी आठव्या महिन्यातलं बाळ कुणी असं बाहेर काढलं असतं तर आत्यांनी तिला सोडलं नसतं. पण आत्यांना त्या वेळी दोघं जण हातापायाला धरून बाहेर आणत होते, आणि त्यांचे हात लोंबत होते.

"न्हाय ओ रडत," मालकीण बाळाची पाठ चोळत म्हणत होती. "रड की रं बाबा. रड की!"

मी चिखलात बसून त्याच्या तोंडाकडं बघत होते. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग त्याचं नाक आकसलं, ओठ वाकडे झाले, आणि एक बारीकसा आवाज आला. मालकीण मोठ्यांदा रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी तिथंच उलटी केली.

आमचे हे आले तेव्हा दिवेलागण झाली होती. उखडलेलं दार, ओसरीवर गोधड्यांत गुंडाळलेली बायको, मूल आणि डोळे मिटून पडलेली आई, हे बघून सायकल हातातून सुटली. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी समजावलं: कोंडलेल्या खोलीत कोळसा असा दबून जळला की त्यातून विषारी वायू सुटतो, त्याला वास नाही, रंग नाही. गाल लाल होतात ते त्यानंच. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत गेले, शेगडी उचलून अंगणात आणली आणि भर पावसात ठेवून दिली. मातीचा लेप भिजून गळायला लागला तरी ते तिच्याकडं बघत उभे होते. मग त्यांनी खिडकीचे कागद फाडले, छताचं गोणपाट ओढून काढलं आणि दाराचा अडसर मोडून दोन तुकडे केले.

आत्या त्याच रात्री उशिरा सावध झाल्या. दुसऱ्या दिवशी पेज प्यायल्या, घर असं उघडं टाकलंय म्हणून ह्यांना रागवल्या. आम्हाला हायसं वाटलं.

पण बाळाचे पाय परत गार पडायला लागले. आता करायचं काय? विस्तव खोलीत आणायची माझी छाती नव्हती. स्वयंपाकघरातली चूल पेटली तरी मी बाळाला घेऊन ओसरीवर जायची. उघड्या खिडकीतून वारा यायचा. विस्तवानं मरेल की विस्तवावाचून मरेल, एवढाच विचार दिवसभर डोक्यात. एका संध्याकाळी मी अशीच बाळाला छातीशी धरून मागच्या भिंतीला टेकून बसले होते. पाठीला काहीतरी निराळं लागलं. हात लावून बघितला. बाकीच्या भिंती ओल्या, गार. ही मात्र कोमट होती. पलीकडं म्हशी बसल्या होत्या, त्यांची ऊब मातीच्या भिंतीतून इकडं येत होती.

मी ह्यांना बोलावलं. त्यांनी हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. पूर्वीचे असते तर म्हणाले असते, फुकटात ऊब! त्या दिवशी म्हणाले, "यातून काही वायू वगैरे..." आणि मग स्वतःच लाजले. बाज भिंतीला लावली. घरमालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी म्हशी या बाजूला सरकवून बांधल्या. "त्यात काय, पावणं," मालक ह्यांना म्हणाले. "म्हशीला काय कोळसा लागतोय व्हय?" रात्री पलीकडून त्यांचं रवंथ करणं ऐकू यायचं. बाळाची पाठ भिंतीकडं, पोट माझ्याकडं. असा आषाढ सरला आणि श्रावणही.

बाळ अंग धरायला लागलं, आणि तेव्हाच आत्यांना काहीतरी व्हायला लागलं. आधी बारीकसारीक. आमटीत मीठ दोनदा. मग नुसत्याच उभ्या राहायच्या, हातात पळी घेऊन, कशाला आलो ते आठवत नसल्यासारख्या. एकदा मला विचारलं, "तू कुणाच्यातली गं?" मी हसले, वाटलं चेष्टा करतायत. त्या हसल्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वायूनं असं पुढं कधी कधी होतं; सुधारतंही, थांबावं लागतं. माझ्या मनात लगेच बाळ आलं. मोठ्या माणसाच्या डोक्याचं असं झालं, तर एवढ्याशा डोक्याचं काय झालं असेल? ते मी कुणाला विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

भाद्रपदात एकदा मी विहिरीवर गेले होते. पावसाची झड आली म्हणून लगबगीनं परतले, तर खोलीचं दार लोटलेलं. दाराखाली आत्यांचं जुनं लुगडं कोंबलेलं.

माझ्या हातातली घागर कुठं पडली कळलं नाही. दार ढकललं. अडसर नव्हता, ते उघडलं. आत्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पुढ्यात जुनी लोखंडी शेगडी, चुलीतले निखारे भरून आणलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नाही? काय माणसं आहात का कोण? पोर गारठलंय की."

मी बाळाला हिसकावून घेतलं. शेगडी पायानं उंबऱ्याबाहेर लोटली. पाय भाजला ते नंतर कळलं. मी आत्यांवर ओरडत होते, काय ते आठवत नाही. त्या घाबरून भिंतीला चिकटल्या. मी कुणी परकी बाई येऊन नातू पळवतेय असं त्यांच्या डोळ्यांत होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी बाळाला सोडून परसदारीही गेले नाही. घरमालकीण आत्यांपाशी येऊन बसायची तेवढ्यातच अंघोळ उरकायची.

दिवाळीच्या सुमारास आत्या हळूहळू ठिकाणावर आल्या. एका सकाळी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली आणि उटणं कुठं ठेवलंय विचारलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. ती दुपार मात्र त्यांना कधीच आठवली नाही. मार्गशीर्षात ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं, भाद्रपदातलंही. त्या ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "मी दार लावून घेतलं होतं?"

"हो, आत्या."

"आणि ह्याला आत घेऊन?"

मी मान हलवली. त्या उठल्या, बाळाला माझ्या हातातून न घेताच बाहेर गेल्या आणि उन्हात बसल्या. मीच त्याला नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तू इथंच बस," त्या म्हणाल्या. "जाऊ नको."

मुलगा उशिरा बसला, उशिरा चालला, आणि बोलेना. शेजारची त्याच्या वयाची पोरं गोष्टी सांगायला लागली तरी हा बोट दाखवायचा. आम्ही तिघंही त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. मी त्याच्या पाठीमागं ताट वाजवून बघायची, वळतो का. वळायचा. ह्यांनी एकदा त्याला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा "बाबा म्हण" असं इतक्या हळू सांगितलेलं मी दाराआडून ऐकलं, की मला आत जाता आलं नाही. आणि एके दिवशी गोठ्यातली म्हैस दावं तोडून अंगणात आली, तसा तो मालकिणीच्या हेलात ओरडला, "म्हस सुटलीयाऽऽ!" सबंध वाक्यच. आत्या तिथंच उभ्या होत्या. "म्हैस म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत खाली बसल्या. पुढं तो शाळेत इतरांसारखाच शिकला. कधी त्याला गणित चुकलं की मी ती दुपार आठवत बसायची, ते सोडा.

मुलगी झाली तेव्हा आम्ही कोल्हापुरात, विजेच्या घरात राहायला आलो होतो. या वेळी थंडीचे दिवस. ह्यांनी न विचारता विजेची शेगडी आणली. खोलीत कुणी नसताना दिवा जळला तर चिडणारा माणूस. पण ती शेगडी लावली की खिडकी स्वतः हातभर उघडून ठेवायचा. अर्धी ऊब सरळ रस्त्यावर जायची. वीजमंडळाचं बिल आलं की ते मला न दाखवता खिशात घालायचे. मी त्यांना सांगितलं, यात कोळसा नाही, खिडकी लावली तरी चालेल. "असू दे," ते म्हणाले.

आत्यांनी आपलं अंथरूण त्या उघड्या खिडकीखाली ओढून घेतलं. गुडघे दुखत होते, वारा थेट अंगावर येत होता. मी म्हटलं, "आत्या, इकडं या, गारठाल."

"मला कळलं पाहिजे वारा येतोय ते," त्या म्हणाल्या आणि कानाला फडकं बांधून तिथंच आडव्या झाल्या.